एमएपी सेन्सरची तपासणी : चावीवर बरोबर, आयडलिंगला चूक

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचे आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे संथ चालणे) डळमळीत झाले होते, पेट्रोल जास्त लागत होते आणि स्कॅनरवर पी०१०६ हा कोड येत होता. इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरचे वाचन अपेक्षित मर्यादेत बसत नाही, एवढेच हा कोड सांगतो. दोष सेन्सरचाच आहे असे त्यातून ठरत नाही, आणि तरीही बहुतेक वेळा पुढची तपासणी न करता थेट सेन्सरच बदलला जातो.

पहिले वाचन इंजिन सुरू न करता, नुसती चावी फिरवून घेतले. त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने येथे १०१ नव्हे, तर ९५ किलोपास्कलच्या आसपास आकडा यायला हवा, आणि तो तसाच आला. मोबाइलवरील हवामानाच्या माहितीत १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे १०१ किलोपास्कल दिसते. पण तो आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबाने बदलून दिलेला असतो, त्यामुळे लातूर-नांदेडकडील मित्रांनीही तुलना करताना आपल्या गावाची उंचीच धरावी.

इंजिन गरम झाल्यावर मात्र आयडलिंगला ५० किलोपास्कल दिसू लागले. सुस्थितीतील पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारण ३० ते ४० असतो. व्हॅक्यूम गळती असेल, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये फटीतून बाहेरची हवा शिरत असेल, किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तरी दाब खरोखरच वाढतो, म्हणून सेन्सरची साक्ष दुसऱ्या उपकरणाने पडताळणे मला आवश्यक वाटले. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडल्यावर काटा पाऱ्याच्या १८ इंचांवर स्थिर राहिला. एक इंच म्हणजे सुमारे ३.४ किलोपास्कल, त्या हिशेबाने व्हॅक्यूम ६१ आणि बाहेरच्या ९५ मधून तो वजा करता मॅनिफोल्डमधील खरा दाब ३४ किलोपास्कल निघतो. इंजिन ठीक होते, वाचन चुकत होते.

वायरिंगही तपासले. इंजिन चालू असताना पुरवठ्याची वायर ५ व्होल्ट देत होती. अर्थिंग खराब असते, तर सिग्नलचे व्होल्टेज चावीवरील वाचनातही वर सरकले असते, तसे नव्हते. सेन्सरच्या तोंडाशी साचलेली तेलकट काजळी साफ केली, तरी फरक पडला नाही. सेन्सर काढून हातपंपाने तेवढाच व्हॅक्यूम दिला, तेव्हाही आकडा ५० च्या खाली उतरेना. तेव्हाच नवा सेन्सर आणला.

आता आयडलिंगला ३५ दिसते. पूर्वी इसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, मॅनिफोल्डमध्ये जास्त हवा आहे असे समजून जास्त इंधन सोडत होता आणि ऑक्सिजन सेन्सरच्या इशाऱ्यावरून ते पुन्हा कमी करत होता. त्यामुळे उणे १८ टक्क्यांपर्यंत गेलेला दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (इसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त दुरुस्ती) आता शून्याकडे येत आहे. कन्नडचा घाट उतरून पायथ्याशी चावीवरचे वाचन घेण्याचे काम राहिले आहे. तेथे ते वरच्यापेक्षा दोन-तीन किलोपास्कलने वाढलेले दिसले पाहिजे.