बरणीच्या मध्यापर्यंत: आमची वाटचाल

सुरुवातीला आम्ही फक्त रोपं आणि बियाणं विकायचो. चार वाफे, जाळीच्या दोन शेड, मी आणि माझा थोरला भाऊ. रोपवाटिका माझी. दादाचं मूळ काम यंत्रदुरुस्तीचं. पंप, व्हॉल्व्ह, दाबमापक यांत त्याचा हात बसलेला. आज आमचा जो व्यवसाय आहे, म्हणजे बागेतली भाजी घरच्या घरी बरणीत सुरक्षित बंद करण्यासाठी लागणारी साधनं विकणं, तपासणं आणि ते काम शिकवणं, तो आम्ही ठरवून निवडलेला नाही. गिऱ्हाइकांनीच तो दारात आणून ठेवला.

भाजी लावणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एक आठवडा येतोच, की फरसबी तोडता तोडता हात भरून येतात. शेजारीपाजारी वाटून झालेली असते, फ्रीजरमध्ये बोट घालायला जागा नसते आणि वेल मात्र अजून लगडलेलाच. लोक विचारू लागले, "ताई, ही बरणीत भरून ठेवता येईल का?" आम्ही काचेच्या बरण्या आणि दोन भागांची झाकणं आणून ठेवली. पहिल्याच हंगामात रोपांपेक्षा बरण्याच जास्त खपल्या.

बरणीबरोबर मी सल्लाही द्यायचे. भरा, पाण्यात पूर्ण बुडवा, तासभर खळखळून उकळा, गार होताना झाकण 'टक्' वाजलं की काम फत्ते. हे मी जॅमवरून शिकले होते. जॅमला जे चालतं ते फरसबीलाही चालत असणार, असं मी धरून चालले. ते साफ चूक होतं. चूक माझी होती आणि मी ती पैसे घेऊन, खात्रीच्या सुरात लोकांना सांगत होते.

एका सकाळी आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या एक काकू आल्या. पिशवीत कागदात गुंडाळलेल्या तीन बरण्या. त्यांनी एक काउंटरवर ठेवली. झाकण मधोमध वर आलेलं, बोटाने दाबलं तर खाली जात नव्हतं. "अगं, बाकी भाजी चांगली दिसतेय. टाकायला जीव होत नाही. थोडी चाखून बघू का?"

मी काही बोलायच्या आत दादा आतून आला. "काकू, उघडू नका. चाखून तर मुळीच बघू नका."

दादाने पूर्वी प्रयोगशाळांमधले ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने वस्तू निर्जंतुक करणारी यंत्रं, दुरुस्त केले होते. ते १२१ अंश सेल्सियसवर का चालवतात हे त्याला माहीत होतं. मी तासभर ज्या उकळत्या पाण्यावर भरवसा ठेवत होते, ते १०० अंशांच्या पुढे जातच नाही. त्या बरण्या आम्ही न उघडता दुहेरी पिशवीत बांधून, माणूस किंवा जनावर पोहोचणार नाही अशा रीतीने टाकल्या. मग बिलाची वही काढली आणि बरण्या नेलेल्या प्रत्येकाला फोन करायला बसलो. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. काही जण रागावले, काहींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एका गिऱ्हाइकाने सव्वीस बरण्या टाकल्या आणि नंतर येऊन मला तेवढंच सांगितलं, "सव्वीस होत्या." कोणाला काही झालं नाही. ते नशीब होतं, आमचं शहाणपण नव्हतं. तो उरलेला हंगाम आम्ही भाज्यांसाठी एकही बरणी विकली नाही.

त्या रिकाम्या महिन्यांत जे वाचलं, समजून घेतलं, त्यावरच पुढचा सगळा व्यवसाय उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. भाजी मातीतून येते, त्यामुळे त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपं, भाजीवर असणारच. कितीही धुतली तरी सगळे जात नाहीत. ताज्या भाजीवर ते निरुपद्रवी असतात, कारण हवेत ते वाढत नाहीत. त्यांना हवी असते ओल, कमी आम्ल आणि हवा नसलेली जागा. झाकण घट्ट बसलेली फरसबीची बरणी म्हणजे नेमकी तीच जागा. वर आपण ती उकळतो तेव्हा बाकीचे साधे जंतू मरतात, हवा बाहेर निघून जाते, आणि उकळत्या पाण्याला दाद न देणारे हे बीजाणू तेवढे मागे उरतात. म्हणजे अर्धवट उकळून आपण त्यांना मोकळं रानच करून देतो. ते रुजले की जे विष तयार होतं, ते अत्यल्प मात्रेतही माणसाला मारू शकतं. धूसर दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, मग स्नायू लुळे पडत श्वासापर्यंत. अशी लक्षणं दिसली तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठायचं. प्रतिविष असतं, पण ते लवकर मिळायला हवं. आणि काकूंच्या बरण्यांची झाकणं फुगली हे भाग्यच म्हणायचं, कारण दरवेळी ती फुगत नाहीत. विषाला रंग, वास, चव काहीच नसू शकतं.

बरणीत अन्न टिकवण्याची रीत फ्रान्सच्या निकोला आपेर यांनी बसवली. १८१० मध्ये त्यांना सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. अन्न का टिकतं हे मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं. लुई पाश्चरचा जन्मच १८२२ चा. बॉट्युलिझमचा, म्हणजे या विषाने होणाऱ्या आजाराचा, जिवाणू तर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावातल्या विषबाधेनंतर एमिल व्हान एर्मेंगेम यांनी वेगळा काढला. भाज्यांना दाबाखालची वाफच हवी, ही शिफारस अमेरिकेच्या कृषी विभागाने १९१७ पासून केली आहे. तरीही २०१५ मध्ये तिथल्याच ओहायो राज्यात एका सामुदायिक जेवणात घरी बरणीबंद केलेल्या बटाट्यांमुळे २९ जण आजारी पडले आणि एक जण दगावला. ते बटाटे उकळत्या पाण्याच्या पद्धतीने बंद केलेले होते. ही बातमी वाचली त्या दिवशी मी जेवले नाही. मी सांगत होते तीच ही पद्धत.

पुढच्या हंगामात आम्ही प्रेशर कॅनर, म्हणजे भरलेल्या बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवायचं मोठं भांडं, घेऊन परत उभे राहिलो. वाफ दाबाखाली कोंडली की तिचं तापमान १०० अंशांच्या वर चढतं. समुद्रसपाटीला दर चौरस इंचाला १० ते ११ पौंड दाबावर ते साधारण ११६ अंश होतं. त्या तापमानाला फरसबीच्या अर्ध्या लिटरच्या बरणीला २० मिनिटं आणि एक लिटरच्या बरणीला २५ मिनिटं पुरतात. हेच काम उकळत्या पाण्यात करायचं तर ७ ते ११ तास लागतील, आणि तोवर भाजीचा लगदा होईल.

"घरी कुकर आहे, त्यात नाही का होणार?" हा प्रश्न आम्हाला आजही रोज येतो. नाही होणार. स्वयंपाकाचा छोटा कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो. छापील वेळा ठरवताना मोठा कॅनर हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो त्या वेळेतली उष्णताही हिशेबात धरलेली असते. कॅनरमध्ये निदान एक-एक लिटरच्या चार बरण्या उभ्या मावायला हव्यात. एकदा एका पुरवठादाराने बटण दाबलं की 'कॅनिंग' करणारी विजेची भांडी आमच्याकडे ठेवायचा आग्रह धरला. आत किती तापमान होतं आणि ते किती वेळ टिकतं, याचा कागद मी मागितला. तो मिळाला नाही, आम्ही भांडी ठेवली नाहीत. धंद्याच्या दृष्टीने तो मोठा नकार होता, पण मला त्या सव्वीस बरण्या आठवत होत्या.

दाबमापक तपासून देण्याचं काम मात्र पूर्णपणे दादाचं. एका कॅनरचा काटा बरोबर ११ वर स्थिर होता. मालकीणबाई काटेकोर, वेळ लिहून ठेवायच्या, गॅस सोडून हलायच्या नाहीत. दादाने तो मापक काढून त्याच्या प्रमाण मापकाशेजारी एकाच नळीवर बसवला आणि दाब हळूहळू वाढवत नेला. त्यांचा काटा ११ ला टेकला तेव्हा शेजारचा ९ दाखवत होता. दोन पौंड म्हणजे तापमानात दोन अंशांहून थोडा जास्त फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात बीजाणू मरण्याचा वेग जवळपास ४० टक्क्यांनी घटतो. बाई कितीतरी वेळ त्या दोन काट्यांकडे बघत राहिल्या. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं, काटा खोटं बोलत होता. त्या दिवसापासून आम्ही आमच्याकडून नेलेल्या प्रत्येक कॅनरचा मापक वर्षातून एकदा विनामूल्य तपासतो. एका पौंडाहून जास्त फरक दिसला तर सरळ नवा बसवतो. वजनाच्या मापकाला, म्हणजे काट्याऐवजी वाफेच्या तोंडावर ठेवायच्या ठरावीक वजनाला, ही तपासणी लागत नाही. नवशिक्यांना मी तोच घ्यायला सांगते.

उंचीचं गणितही आम्ही विक्रीच्या वेळीच विचारतो. जितकं उंचावर राहाल तितका दाब जास्त लागतो. वजनाचा मापक असेल तर ३०० मीटरच्या वर १० ऐवजी १५ पौंड. काट्याचा असेल तर ६०० मीटरपर्यंत ११, त्यापुढे १२०० मीटरपर्यंत १२, असा चढत जाणारा. प्रत्येक कॅनरच्या आत आम्ही एक कार्ड ठेवतो, त्यावर घेणाऱ्याच्या उंचीचा आकडा दादा स्वतःच्या हाताने लिहितो.

शिकवणीचे वर्ग सुरू झाले तेव्हा आठ जण होते आणि खुर्च्या सहा. वर्गात सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीला जातो: उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत पोहोचली का? ते दाखवायला दादाने दोन झाकणांना भोकं पाडून त्यांतून तापमानाच्या बारीक तारा आत सोडल्या. एका बरणीत पाण्यातली फरसबी, दुसरीत भोपळ्याचा घट्ट गर, दोन्ही एकाच कॅनरमध्ये. फरसबीच्या बरणीत पाणी फिरतं, त्यामुळे मधलं तापमान भराभर चढत जातं. गराच्या बरणीचा आकडा मात्र हलता हलत नाही. बाहेर सगळं वाफेने कोंदलेलं, आत मधोमध भोपळा अजून कोमटच. हे डोळ्यांनी पाहिल्यावर 'भोपळ्याचा गर बरणीत का भरायचा नाही' हे कोणी पुन्हा विचारत नाही. भोपळ्याच्या फोडी भरता येतात, अर्ध्या लिटरला ५५ मिनिटं, लिटरला ९०. गरासाठी खात्रीची वेळ ठरलेलीच नाही. तसंच पीठ किंवा कॉर्नस्टार्च लावून दाट केलेल्या सुपाचं. ते सूप पातळ भरा, दाट करायचं ते खाताना करा.

मक्याच्या दाण्यांना अर्ध्या लिटरला ५५ मिनिटं लागतात, गाजराला २५, हे ऐकून लोक दचकतात. प्रत्येक भाजीची घनता, पिठूळपणा, बरणीत ती कशी बसते, हे वेगळं. म्हणून फरसबीचा आकडा मटाराला लावायचा नाही, आणि दोन भाज्या एकत्र असतील तर त्या मिश्रणाची तपासलेली कृती नसताना अंदाजाने काही करायचं नाही. मीठ घाला किंवा घालू नका, ते चवीपुरतं आहे. इथे ते टिकवायचं काम करत नाही.

टोमॅटो हा वर्गातला हमखास वादाचा विषय. आंबट लागतो म्हणून लोक निर्धास्त असतात. धोक्याची सीमारेषा पीएच ४.६ ची (पीएच हे आम्लतेचं माप; आकडा जितका जास्त तितकं आम्ल कमी), आणि पिकलेला टोमॅटो तिच्या अगदी आसपास, कधी अलीकडे कधी पलीकडे. म्हणून एक लिटरच्या बरणीत बाटलीबंद लिंबूरसाचे दोन मोठे चमचे किंवा सायट्रिक आम्लाचा अर्धा छोटा चमचा घालायचाच. ताजं लिंबू नको, कारण त्याची आम्लता फळागणिक बदलते.

हातात काम असताना ज्या चुका होतात, त्या बहुतेक घाईच्या. झाकण लावल्यावर वाफ १० मिनिटं मोकळी सोडायची आणि मगच वजन ठेवायचं. आत हवा अडकली तर काटा बरोबर दाखवूनही तापमान कमी राहतं. मधेच दाब ठरल्याच्या खाली घसरला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. हे शेवटच्या पाच मिनिटांत झालं की रडू येतं, मला माहीत आहे, तरी पुन्हा शून्यापासूनच. गॅस बंद केल्यावर कॅनरवर गार पाणी ओतायचं नाही. त्याने बरण्यांतलं पाणी उसळून बाहेर येतं, काचही तडकते. भाजीच्या वर एक इंच जागा सोडायची आणि झाकण लावण्याआधी बरणीची कड स्वच्छ पुसायची. एक दाणा कडेवर राहिला तरी झाकण धरत नाही. बरण्या १२ ते २४ तास न हलवता ठेवून मग मध्यावर बोटाने दाबून बघायचं.

आज आमच्याकडे पाच माणसं काम करतात. रोपवाटिका अजून आहे. फरसबीचं रोप नेणाऱ्याला आम्ही आधीच विचारतो, किती खाणार आणि किती बरणीत भरणार. बरण्या विकताना मात्र एक नियम पक्का: भाजीसाठी हव्या असतील तर घरी कॅनर आहे का ते विचारायचं. नसेल तर फ्रीजरमध्ये भाजी कशी ठेवायची ते समजावून सांगायचं आणि बरण्या द्यायच्या नाहीत. यावरून आजवर गिऱ्हाईक गेलीही आहेत.

काकू दरवर्षी हंगामाच्या तोंडावर त्यांचा मापक रुमालात बांधून आणतात. यंदा तो अर्धा पौंड पुढे दाखवत होता. दादाने चिठ्ठीवर '११ ऐवजी साडेअकरा' असं लिहून ती कॅनरच्या कडीला दोऱ्याने बांधली. काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग म्हणाल्या, "अक्षर जरा मोठं काढ रे, वाफेत दिसत नाही."

दादाने नवी चिठ्ठी लिहिली.