वहीतला चौथा रकाना

परदेशांतील दुष्काळग्रस्त आणि युद्धग्रस्त भागांत मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या देणगी विभागात मी अनेक वर्षे आहे. आलेली रक्कम कोणत्या कामासाठी आहे याची नोंद करणे, पावती देणे आणि ती त्याच कामावर खर्च होते की नाही यावर लक्ष ठेवणे, हे माझे काम. २०२२ साली सोमालियात पावसाळ्यामागून पावसाळे कोरडे जात होते आणि आमच्याकडे देणग्यांचा ओघ वाढला होता. त्याच सुमारास एक सोळा वर्षांची मुलगी आईला सोबत घेऊन आली. अल्पवयीन व्यक्तीकडून पालकांच्या सहीशिवाय आम्ही रक्कम स्वीकारत नाही, म्हणून आई आली होती. सही करून ती बाजूला बसली आणि पुढचे सारे बोलणे मुलीनेच केले.

तिने स्वतः तयार केलेले एक पत्रक सोबत आणले होते. अतितीव्र कुपोषण झालेल्या मुलांना जे शेंगदाण्याच्या लगद्याचे पाकीट देतात, त्याची माहिती त्यात नेमकेपणाने लिहिली होती: वजन ९२ ग्रॅम, उष्मांक ५००, त्यात दूधपावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि खनिजे. हे शिजवावे लागत नाही आणि त्यात पाणीही घालावे लागत नाही, त्यामुळे जिथे पिण्याचे पाणीच दूषित आहे तिथेही आई घरी बाळाला ते निर्धास्तपणे भरवू शकते. पत्रकावर मुलाचे छायाचित्र मात्र नव्हते. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्या बाळाला विचारता येत नाही ना, मॅडम." पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, 'सेव्ह द चिल्ड्रन' या बालमदत संस्थेच्या एक संस्थापक एग्लंटाइन जेब यांनी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात शत्रुराष्ट्रातील उपाशी मुलांसाठी पत्रके वाटली, त्याबद्दल त्यांना अटक झाली आणि पाच पौंडांचा दंडही झाला. त्या पत्रकावर एका उपाशी मुलाचे छायाचित्र होते. तेव्हापासून आमच्या क्षेत्राला अशा चित्रांची सवय जडली असून ती मोडण्यासाठी संस्थांना आज नियमावल्या कराव्या लागतात. या मुलीला ते कोणी सांगावे लागले नव्हते.

अडचण निराळीच निघाली. तिने रक्कम पाकिटांसाठी जमवली होती. पण आमच्या त्या कार्यक्रमाला लागणारी पाकिटे एका मोठ्या देणगीतून आधीच मिळाली होती. कमतरता होती ती पाकिटे पोहोचवण्यासाठी आणि उपचार करणाऱ्या माणसांसाठी लागणाऱ्या पैशांची. सोमालियातल्या बैदोआ शहराभोवती विस्थापितांच्या छावण्या वाढत चालल्या होत्या, रस्ते सुरक्षित नव्हते आणि काही ठिकाणी माल विमानाने न्यावा लागत होता. मी तिला उपचाराची पद्धत समजावून सांगितली. आरोग्यसेविका रंगीत पट्टीने बाळाच्या दंडाचा घेर मोजते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषण मानले जाते. मग बाळाला पाकिटातले थोडे खायला देऊन त्याला भूक आहे का ते पाहतात. खाल्ले तर औषध आणि आठवड्याची पाकिटे देऊन त्याला घरी पाठवतात. खाल्लेच नाही, किंवा इतर गंभीर लक्षणे असली, तर त्याला रुग्णालयात दाखल करून आधी विशेष दुधावर ठेवावे लागते. पुढे साधारण सहा ते आठ आठवडे नियमाने वजन करायचे असते. या साखळीत मोजणारी सेविका नसेल किंवा माल वेळेवर आला नाही, तर गोदामातल्या पाकिटाचा त्या बाळाला काहीही उपयोग होत नाही.

वाहतूक आणि पगार यांवर झालेला खर्च म्हणजे वाया गेलेला पैसा, असा समज चांगल्या, उदार माणसांतही खोलवर रुजलेला आहे. तो मुलांच्या मुळावर येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याविषयी मला संयमाने बोलता येत नाही.

मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग याच पैशांतून गाडीभाडे दिले तर चालेल का?" मी सांगितले की ज्या हेतूने पैसे मागितले, त्याच हेतूसाठी ते बांधलेले असतात आणि देणाऱ्यांच्या संमतीशिवाय तो हेतू बदलता येत नाही. त्यावर तिने पिशवीतून वही काढली.

वहीत चार रकाने आखले होते. पहिल्यात नाव, दुसऱ्यात रक्कम, तिसऱ्यात तारीख. आणि चौथ्याचे शीर्षक होते "मी काय सांगितले". प्रत्येक नावापुढे त्या माणसाला पैसे मागताना ती जे बोलली होती, ते तिने लिहून ठेवले होते. एका आजींपुढे लिहिले होते, "लहान बाळाला दिवसाला दोन ते तीन पाकिटे लागतात, तुमच्या पैशांत एका बाळाचा एक आठवडा निघेल." दुसऱ्या एका नावापुढे नुसतेच, "घाईत होते, फक्त पाकीट म्हटले." मी पाने उलटत राहिले. देणगीच्या नोंदी मी असंख्य पाहिल्या आहेत. पण पैसे मागणाऱ्याने आपला शब्दही हिशेबात धरला आहे, असे त्याआधी मी पाहिले नव्हते.

आमच्या लेखापालांनी सोपा मार्ग सुचवला. रक्कम पाकिटांच्या खात्यावरच जमा करावी, पुढच्या खरेदीच्या वेळी ती वापरली जाईल. त्यात नियमाचा भंग नव्हता आणि फसवणूकही नव्हती. मुलगी क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "मॅडम, आज जमा करू नका. गरज आत्ता आहे, तर मी आधी सगळ्यांना विचारून येते." आईने काहीच आक्षेप घेतला नाही, आणि दोघी रक्कम परत घेऊन गेल्या.

ती पुन्हा आली तेव्हा वहीत पाचवा रकाना होता, वेगळ्या शाईने आखलेला. बहुतेकांनी वाहतुकीला आणि सेविकांच्या मानधनाला होकार दिला होता. त्या आजींनी तर आणखी थोडी रक्कम दिली होती, कारण माल विमानाने न्यावा लागतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. काहींनी पाकिटांचाच आग्रह धरला होता, आणि तिने त्यांच्याशी वाद न घालता तसे लिहून घेतले होते. एका गृहस्थांनी पैसे परत मागितले. ते तिने देऊन टाकले होते आणि परत मिळाल्याची त्यांची सहीही घेतली होती. आधी मिळालेले पैसे परत करणे हे पैसे मागण्यापेक्षा किती अवघड असते, ते हे काम करणाऱ्यालाच कळेल. सोळाव्या वर्षी ते करायला मोठा निश्चय लागतो.

आम्ही तिची रक्कम दोन शीर्षांखाली नोंदवली आणि दोन पावत्या केल्या. पावत्या घेतल्यावर तिने खर्चाचा अहवाल कधी मिळेल ते विचारले आणि तो महिना चौथ्या रकान्याच्या तळाशी लिहून घेतला, कारण तेही आता तिला सगळ्यांना सांगायचे होते.

लेखापालांच्या सूचनेवरून, लोकांकडून निधी गोळा करून आणणाऱ्यांसाठी असलेल्या आमच्या अर्जात तेव्हापासून एक नवी ओळ आली आहे: "पैसे मागताना देणगीदारांना आपण काय सांगितले?" तरुण मुले ती ओळ बहुधा मन लावून भरतात. मोठ्यांना मात्र अनेकदा ती कोरी सोडावीशी वाटते आणि मग मी अर्ज परत करते.