फ्रायबुर्गच्या उन्हाळी वर्गात: माझा अनुभव

पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयावरचे उन्हाळी अभ्यासक्रम आता युरोपातली बरीच विद्यापीठं चालवतात. मी त्यांतला फ्रायबुर्गचा निवडला. जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी असलेलं हे शहर सौरऊर्जा आणि सायकलींसाठी ओळखलं जातं. माझं कारण मात्र वेगळं होतं. फ्रायबुर्ग जर्मनीतल्या सगळ्यात उष्ण शहरांपैकी एक आहे आणि मला शहरातल्या उष्णतेवरच काम करायचं होतं. जाण्याआधी मी खूप शोधाशोध केली, पण हाती लागली ती माहितीपत्रकं आणि सहलीचे फोटो. म्हणून अर्जापासून क्रेडिट पदरात पडेपर्यंत काय काय झालं, ते लिहिते आहे.

अर्जात सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा आहे ते सांगणारा मजकूर, लिहिण्यात. निसर्गाची ओढ, पृथ्वी वाचवण्याची तळमळ हे तर सगळेच लिहितात. निवड करणाऱ्यांना हवा असतो एखादा नेमका प्रश्न. मी विचारलं होतं की, सावलीतला रस्ता आणि उघडा रस्ता यांच्यातला फरक अंगाला किती जाणवतो आणि तो आकड्यात कसा पकडायचा? पुढे तिथे आमच्या गटाला जे काम मिळालं, ते याच प्रश्नातून निघालं. तेव्हा अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, प्रश्न छोटा असू द्या, पण स्वतःचा असू द्या.

व्हिसाबद्दल थोडं. ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) पुरतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, तेव्हा प्रवेशपत्र आल्या आल्या तारीख घेऊन टाकावी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. प्रौढांना लागणारं ९० युरोंचं व्हिसा शुल्क शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना माफ आहे. युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेतच तशी तरतूद आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार तेवढा भरावा लागतो. माझ्याकडे खिडकीवर पूर्ण शुल्क मागितलं गेलं. मी प्रवेशपत्र, बोनाफाईड आणि त्या तरतुदीची छापील प्रत पुढे केली. आत विचारणा झाली आणि ती रक्कम वगळली गेली. ही प्रत जवळ ठेवाच.

वर्गातलं पहिलंच काम मला आजही महत्त्वाचं वाटतं. इथे पोहोचायला किती कार्बन उत्सर्जन झालं, ते प्रत्येकाने काढायचं होतं. सोपं वाटलं, पण एकाच विमानप्रवासाचे दोन कॅल्क्युलेटरवरचे आकडे दुपटीच्या आसपास वेगळे आले. एकात फक्त इंधन जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड धरला होता. दुसऱ्यात विमानामागे उमटणाऱ्या बाष्परेषा आणि उंचावर सुटणारे नायट्रोजन ऑक्साइड यांचाही परिणाम मिळवला होता. बिझनेस क्लासची सीट जास्त जागा घेते म्हणून तिच्या वाट्याला उत्सर्जनही जास्त येतं, हेही तेव्हाच कळलं. शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी कोणता आकडा बरोबर हे सांगितलंच नाही. त्यांची अट एकच होती की, आकड्याशेजारी त्यात काय धरलं आणि काय सोडलं, ते लिहा. मग हा नियम शेवटच्या अहवालापर्यंत आमची पाठ सोडत नव्हता.

आमचं मुख्य काम वोबाँ या वस्तीत होतं. १९९२पर्यंत तिथे फ्रेंच सैन्याची छावणी होती. आता पाच हजारांवर लोक राहतात आणि मधून ट्राम जाते, तीही गवतातून. रुळांच्या मधल्या पट्ट्यात डांबर किंवा काँक्रीट नाही, हिरवळ आहे. आम्ही तीन जागा निवडल्या: हा गवताचा पट्टा, जवळचा उघडा डांबरी रस्ता आणि जुन्या झाडांखालची पायवाट. (छावणीच्या काळातली मोठी झाडं वस्ती उभारताना राखली गेली, त्याचा फायदा आज दिसतो.)

हातात इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला की, तो डांबरावर रोखून मोठा आकडा वाचायचा मोह प्रत्येकाला होतो. पण तो आकडा पृष्ठभागाचा. माणूस काही रस्त्यावर आडवा झोपत नाही. म्हणून आम्हाला आणखी दोन साधनं दिली होती: सावली करून ठेवलेला हवेचा थर्मामीटर आणि काळा पोकळ गोळा, ज्याच्या पोटात थर्मामीटर असतो. ऊन, तापलेल्या भिंती, तापलेली जमीन या सगळ्यांकडून अंगावर येणारी उष्णता हा गोळा टिपतो. गोळ्याचं तापमान स्थिरावायला वेळ लागतो, तोवर त्याच्याजवळ उभंही राहायचं नाही, कारण आपली सावली आणि आपलं अंग दोन्ही मोजमाप बिघडवतात. एकजण वेळ सांगणार, एकजण नोंद करणार आणि बाकीचे लांब. भर दुपारी हे काम सोपं नव्हतं, पण त्या दुपारी मी जेवढं शिकले, तेवढं कुठल्याही व्याख्यानात शिकले नाही.

उघड्या रस्त्यावरची आणि झाडाखालची हवा यांच्या तापमानात फार फरक नव्हता. गोळ्यात मात्र प्रचंड फरक होता. रस्त्यावरचं झाड हवा थोडीशीच थंड करतं, त्याचं मोठं काम म्हणजे ऊन अंगावर येऊ न देणं. एकदा हे कळलं की, "एवढी झाडं लावली" हा आकडा अपुरा वाटू लागतो. ती कुठे लावली, दुपारी त्यांची सावली चालणाऱ्या माणसावर पडते की पार्किंगवर, आणि रोप सावली देण्याइतकं मोठं कधी होणार, हे विचारावं लागतं. गवताच्या पट्ट्याचंही तसंच. माती ओलसर असते तोवर बाष्पीभवनामुळे तो थंड राहतो. कोरड्या आठवड्यांनंतर गवत पिवळं पडतं आणि हा फायदा बराच ओसरतो.

संध्याकाळचं मोजमाप वेगळंच होतं. सूर्य मावळला की, ड्रायझाम नदीच्या खोऱ्यातून डोंगरावरचा वारा शहरात उतरतो. त्याला तिथे 'होलेनटेलर' म्हणतात. हा वारा शहराची रात्र थंड करतो, म्हणून नव्या इमारतींचा विचार करताना त्याची वाट अडते का हेही पाहिलं जातं. वसतिगृहात एसी नव्हता, पंखाही नव्हता. दिवसभर खिडक्यांची बाहेरची झडप बंद ठेवायची आणि रात्री सगळं उघडायचं, एवढंच. झडप काचेच्या बाहेर असते, त्यामुळे ऊन आत शिरण्याआधीच अडतं. पडदा आत असला की, तोवर उष्णता खोलीत आलेली असते.

वोबाँच्या बऱ्याच भागात घरासमोर गाडी लावता येत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी वस्तीच्या कडेच्या सामायिक गॅरेजमध्ये जागा विकत घ्यायची. ज्यांच्याकडे नाही त्यांनी तसं लेखी द्यायचं आणि एका राखीव भूखंडाच्या खर्चात वाटा उचलायचा. पुढे गाड्या वाढल्याच तर तिथे गॅरेज बांधता यावं, अशी सोय आहे. तो भूखंड आजही मोकळा आहे आणि लोक तिथे जमतात. सौर छपरांचे फोटो सगळे काढतात, पण मला या वस्तीचं खरं कौशल्य या करारात दिसलं. त्यात सवलत कोणाला आणि किंमत कोणाला, हे आधीच ठरलेलं आहे.

मध्ये एक दिवस शाउइन्सलँड डोंगरावर गेलो. तिथल्या केंद्रात हवेतला कार्बन डायऑक्साइड १९७२पासून मोजला जातो. तेव्हा हवेत दर दहा लाख भागांमागे सुमारे ३३० भाग होता, आता ४२०च्या वर आहे.

व्हील हे गाव तर पाहायलाच हवं. ऱ्हाइनकाठच्या या गावात अणुवीज प्रकल्प येणार होता. शीतक मनोऱ्यांच्या वाफेने द्राक्षमळे खराब होतील म्हणून बागाईतदार उठले, विद्यार्थी त्यांना मिळाले आणि फेब्रुवारी १९७५मध्ये त्यांनी जागेचा ताबा घेतला. प्रकल्प कधीच उभा राहिला नाही. १९७७मध्ये फ्रायबुर्गला ओको-इन्स्टिट्यूट ही पर्यावरण संशोधन संस्था निघाली ती याच चळवळीच्या पोटातून, आणि १९८१मध्ये तिथे फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संघटनेची सौरऊर्जा संस्था सुरू झाली.

अभ्यासक्रमातला सगळ्यात कठीण दिवस होता डिटेनबाखचा. शहरात घरं कमी पडतात, भाडी चढत जातात, म्हणून पश्चिमेला शेतजमिनीवर हजारो घरांची डिटेनबाख ही नवी वस्ती ठरली. विरोध झाला आणि २०१९मध्ये शहराने त्यावर मतदान घेतलं. सुमारे ६० टक्के मतं वस्तीच्या बाजूने पडली. वर्गात आम्हाला भूमिका वाटून दिल्या आणि माझ्याकडे आला शेतकरी. समोर भाडेकरू, नगररचनाकार, पक्षी अभ्यासक. मी सुपीक मातीबद्दल बोलले तेव्हा भाडेकरूच्या भूमिकेतल्या मुलीने विचारलं, "मग आम्ही लांबच्या गावी राहून रोज गाडीने यायचं का? त्या धुराचा हिशेब कोण देणार?" माझ्याकडे उत्तर होतं ते असं की, आधी शहरातल्याच जागा दाट करा. पण दाट केलं की वाऱ्याची वाट आणि सावली यांचं काय, हे मीच चार दिवस मोजत होते. दोन्ही बाजू पर्यावरणाचीच भाषा बोलत होत्या आणि दोघींचंही खरं होतं. माझं मत आजही शेताच्या बाजूला झुकतं, पण आता ते मांडताना घर न मिळालेल्या माणसाला काय सांगायचं, हा प्रश्न मी टाळत नाही.

मूल्यमापन अहवाल आणि तोंडी सादरीकरण यांवर होतं. आम्ही शिफारस केली ती फक्त ट्रामच्या एका थांब्यापुरती. गवताऐवजी दुपारच्या चालण्याच्या वाटेवर झाडांना प्राधान्य द्या आणि मोजमाप कोरड्या आठवड्यातही पुन्हा करा. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "यात काय सोडलं आहे?" आमच्याकडे ती यादी तयार होती.

राहिलं क्रेडिटचं. युरोपात पूर्ण वर्ष ६० ईसीटीएसचं (तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक पद्धतीतली क्रेडिट) धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम असतं. आपल्या विद्यापीठात ते आपोआप धरले जात नाहीत. निघण्याआधीच अभ्यासक्रमाचा तपशील, तास आणि मूल्यमापनाची पद्धत विभागप्रमुखांना दाखवून लेखी मंजुरी घ्या. मी ती घेतली होती, त्यामुळे गुणपत्रिका आल्यावर ऐच्छिक विषय म्हणून नोंद व्हायला फार फेऱ्या घालाव्या लागल्या नाहीत. सोबत अहवालाची प्रत जोडली होती आणि विभागाने तीही मागून घेतली.