आर्मांडोचा लिलाव

आमच्या शाळेचं गॅदरिंग हुरड्याच्या दिवसांत असतं. परभणी जिल्ह्यातलं गाव, लेकरं बहुतेक शेतकऱ्यांची. कापसाच्या वेचण्या आणि तुरीची काढणी यांच्यामधून दोन-तीन दिवस काढायचे आणि त्यातच आनंदनगरी (पोरांचे खाऊचे स्टॉल), शेलापागोटे (एकमेकांना गमतीच्या पदव्या), बक्षीस समारंभ उरकून घ्यायचा. दहाला बोलावलेले पाहुणे साडेबाराला उगवणार, तोवर स्वागतगीताच्या मुलींचे गजरे सुकून गेलेले.

सांस्कृतिक विभाग माझ्याकडं होता तेव्हा माझी कटकट एकच असायची: निम्म्याहून जास्त कार्यक्रम म्हणजे पिक्चरच्या गाण्यांवरचे नाच. त्यामुळं २०१९ ला नववीची पोरं "सर, आम्ही कबुतराचं नाटक बसवतो" म्हणत आली तेव्हा मी पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं.

त्या मार्चमध्ये आर्मांडो नावाच्या बेल्जियमच्या कबुतराचा ऑनलाइन लिलाव झाला होता. लांब पल्ल्याच्या शर्यतींचा हा चॅम्पियन साडेबारा लाख युरोंना गेला, म्हणजे आपले जवळपास दहा कोटी. घेणारा चीनचा. गंमत म्हणजे पाच वर्षांचा आर्मांडो शर्यतीतून तेव्हा निवृत्त झालेला होता. मग दहा कोटी कशाचे? तर पिलांचे. हे आमच्या पोरांना समजावून सांगायची गरज पडली नाही. चांगल्या वळूला काय भाव असतो ते त्यांना घरीच कळलेलं असतं.

शर्यतीचं गणित मात्र त्यांना चक्रावून गेलं. सगळी कबुतरं एकाच ठिकाणाहून सोडतात, पण पोचतं ज्याचं ते आपापल्या ढाबळीत, म्हणजे घरच्या खुराड्यात. मग पहिलं कोण, हे ठरवायचं कसं? गणिताच्या सरांनी फळ्यावर नांदेड, परभणी, सेलू अशी तीन टिंबं काढली. नांदेडहून दोन कबुतरं सोडली, एकाचं घर परभणीला, दुसऱ्याचं सेलूला. सेलू लांब, म्हणून सेलूचं उशिरा पोचणार हे उघड आहे, तरी जिंकू शकतं, कारण अंतराला वेळेनं भागून निघतो तो वेग बघतात. पिलू आठवड्याभराचं असतानाच त्याच्या पायात नंबरची कडी घालतात. नंतर पाय वाढतो आणि कडी निघत नाही, म्हणून अदलाबदलीला वाव नाही.

नाटकात आर्मांडो झाला दुसरीतला एक चिमुरडा. अंगाला राखाडी शाल, पायात बहिणीची बांगडी. लिलाव थेट मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला. पुकारणाऱ्याचे वडील तिथंच मुनीम, त्यामुळं "एक वार... दोन वार..." असं काही ओढून म्हणाला की मागं बसलेले अडते खुर्च्या पुढं सरकवून ऐकायला लागले. चिनी व्यापारी दोघं, दोघांच्याही डोक्यावर वर्तमानपत्राच्या टोप्या. बोली लाखावर चढली तसा त्यातला एक उठला. माळेगावच्या जनावरांच्या जत्रेत त्यानं मोठ्यांचं बघितलेलं. म्हणाला, "थांबा, आधी दात बघू द्या." चिमुरड्यानं इमानदारीत आऽ केला. पुढचे दोन्ही दात पडलेले! व्यापारी मान हलवत म्हणाला, "हा तर आदत बी नाही, पाच वर्षांचा म्हणून काय विकता?" आदत म्हणजे अजून दुधाचेच दात असलेलं जनावर. संहितेत हे नव्हतं. मंडप असा काही हसला की पुढचे दोन संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत.

शेवटी खरं कबुतर सोडायचं म्हणून मोहल्ल्यातल्या चाचांना बोलावलं होतं. त्यांच्या गच्चीवर पिढीजात ढाबळ. पण आपल्याकडची कबुतरबाजी वेगळी. इथं थवा आपल्याच घरावर किती तास उडत राहतो त्यावर पैज लागते. चाचांनी आर्मांडोची सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "हमारे इधर जो देर से उतरा वो जीता, उनके उधर जो जल्दी आया वो. कबुतर वहीच है जी." हे वाक्य मला सगळ्या अध्यक्षीय भाषणांपेक्षा जास्त आवडलं. कबुतरानं मंडपावर दोन घिरट्या घेतल्या आणि ते निघून गेलं. आभारप्रदर्शन चालू असतानाच चाचांच्या नातीचा फोन आला, "आ गया." आमचं आभारप्रदर्शन लांबतं हेही खरंच.

पुढच्या वर्षी कोरोनामुळं गॅदरिंगच झालं नाही. नेमका त्याच नोव्हेंबरात आर्मांडोचा सगळ्यात महाग कबुतराचा विक्रम मोडला. तोही बेल्जियमच्याच न्यू किम नावाच्या कबुतरानं. सोळा लाख युरो. न्यू किम होती मादी, वय जेमतेम दोन वर्षं. शाळा पुन्हा भरल्यावर आठवीच्या मुलींनी हे बरोबर शोधून काढलं आणि नाटक आपल्या ताब्यात घेतलं. आता पुकारणारी मुलगी, व्यापारी मुली, आणि तालमीला मुलांना मज्जाव. दात बघायचा प्रसंग त्यांनी जसाच्या तसा ठेवलाय. त्यासाठी दरवर्षी पहिली-दुसरीत फिरून कुणाचे दात पडलेत ते बघून येतात.