मॅनेजरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फुटबॉल न पाहणारे बरेच जण मला हा प्रश्न विचारतात. कुणी कुतूहलानं, कुणी चिमटा काढायला. ज्या माणसानं अख्खं आयुष्य या खेळात घातलंय, जो त्या खेळाडूंना रोज सरावात बघतो, त्यानं कुणाला उतरवावं आणि कुणाला बेंचवर बसवावं यावर तुम्ही मंडळी सोफ्यावर बसून तासन्‌तास भांडता. त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?

नाही कळत. कुणाची मांडी आखडलीय, कुणाला आठवडाभर धड झोप नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे त्याला ठाऊक असतं आणि आम्हाला नसतं. तरी आम्ही भांडतो आणि भांडण्यात गैर काही आहे असं मला वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही निर्णयावर भांडतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात निकालावर भांडतो. शिट्टी वाजल्यावर स्कोअर बघायचा आणि मग मागे जाऊन मॅनेजर शहाणा होता की मूर्ख ते ठरवायचं. इंग्लंडच्या लीगचं विजेतेपद दोन संघांत अटीतटीला आलं की हा रोग फार बळावतो.

याला माझ्याकडे दोन सामन्यांची जोडी आहे. ती मी भेटेल त्याला ऐकवतो, त्यामुळे मित्र वैतागलेत. तुम्ही नव्यानं ऐकताय.

पहिला सामना ३० एप्रिल २०१२ चा, मँचेस्टर सिटीच्या मैदानावर. मँचेस्टर युनायटेड तीन गुणांनी पुढे आणि हा धरून तीनच सामने उरलेले. बरोबरी झाली असती तरी युनायटेडची आघाडी शाबूत राहिली असती. अॅलेक्स फर्ग्युसन या युनायटेडच्या मॅनेजरनं हा हिशोब करूनच संघ निवडला: पुढे एकटा रूनी, वेलबेक बेंचवर आणि मधल्या फळीत बरेच दिवस संघाबाहेर असलेला पार्क जी-सुंग, सिटीच्या याया तुरेला रोखायला. मध्यंतराच्या तोंडावर कॉर्नर आला, सिटीच्या कोंपनीनं हेडर मारला, १-०. नव्वद मिनिटांत युनायटेडचा एकही फटका गोलच्या चौकटीत गेला नाही. दोघांचे गुण सारखे झाले, गोलफरकावर (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) सिटी वर गेली, आणि शेवटी विजेतेपदही गोलफरकावरच गेलं. दोन्ही संघांचे गुण ८९. सगळ्यांचा निवाडा एकच: फर्गी घाबरला, बरोबरीसाठी खेळला.

दुसरा सामना जवळपास दोन वर्षांनंतरचा, २७ एप्रिल २०१४, लिव्हरपूलचं मैदान अॅनफिल्ड. मी लिव्हरपूलचा, म्हणून या सामन्याबद्दल जरा सविस्तर बोलणार. सलग अकरा लीग सामने जिंकलेले. खात्यावर ८० गुण आणि तीन सामने बाकी. सिटीचे ७४, चार सामने बाकी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, म्हणजे सिटीनं सगळं जिंकलं तरी ८६. आता आकडेमोड करा. लिव्हरपूलनं चेल्सीशी नुसती बरोबरी केली आणि पुढचे दोन जिंकले तर होतात ८७. एक गुण पुरेसा होता. समोर चेल्सीचा मॅनेजर जोझे मोरिनियो, त्याचं निम्मं लक्ष तीन दिवसांनंतरच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यावर. त्यानं बचावात तोमास कालास नावाच्या नवख्या पोराला उतरवलं, सगळा संघ स्वतःच्या बॉक्ससमोर उभा केला, आणि पहिल्या मिनिटापासून थ्रो-इन आणि गोलकिकला वेळ काढायला सुरुवात केली. बस पार्क करणे म्हणतात ते हेच.

आमच्या मॅनेजरनं, ब्रेंडन रॉजर्सनं काय केलं? जे अकरा सामने केलं तेच. सेंटर बॅक म्हणजे मधले बचावपटू दोन्ही बाजूंना फाकलेले, मध्ये कर्णधार जेरार्ड चेंडू घ्यायला खाली आलेला, बाकीचे पुढे. पहिल्या अर्धाच्या जादा वेळेत साखोचा साधा पास जेरार्डच्या पायाखालून निसटला, चेंडू गाठायला वळताना त्याचा पाय घसरला आणि चेल्सीचा डेम्बा बा एकटा धावत जाऊन गोल करून आला. दुसऱ्या अर्धात चेंडू जवळजवळ पूर्ण वेळ लिव्हरपूलकडे होता. जेरार्ड लांबून फटके मारत राहिला. लुकासच्या जागी स्टरिज आला, शेवटी आस्पास आला आणि त्यानं घेतलेला कॉर्नर थेट चेल्सीच्या खेळाडूच्या पायात गेला. जादा वेळेत सगळे पुढे गेलेले असताना चेल्सीच्या विलियननं दुसरा गोल केला. ०-२. पुढच्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ३-० अशी आघाडी घेतल्यावर ७९ व्या मिनिटापासून पुढच्या दहा मिनिटांत तीन गोल खाल्ले. सिटी ८६, लिव्हरपूल ८४. इथेही निवाडा एकच: रॉजर्स भोळा, बरोबरी पुरेशी असताना जिंकायला गेला.

म्हणजे एकजण बरोबरीसाठी खेळला म्हणून चुकला आणि दुसरा बरोबरीसाठी खेळला नाही म्हणून चुकला. आणि सांगायची गोष्ट अशी की दोन्ही निवाडे बरेचदा एकाच तोंडून येतात.

मग मी म्हणतो, स्कोअर झाकून ठेवा आणि ४४ व्या मिनिटाला या. तुमच्या समोर ०-० आहे. आता बोला, रॉजर्स चुकतोय का? माझं मत आहे, थोडा चुकतोय. पण लोक म्हणतात त्या कारणासाठी नाही. हल्ला करणं ही त्या संघाची सवय होती. एका सामन्यापुरतं त्यांना बचावाला बसवलं असतं तर काय झालं असतं हे पॅलेसविरुद्धच्या शेवटच्या दहा मिनिटांत दिसलंच. बचावाला बसणं त्यांना जमतच नव्हतं. आक्षेप घ्यायचा तर इतकाच की मध्यंतराला दोन-तीन मिनिटं उरलेली, समोरचा संघ चेंडूकडे फिरकत नाही, अशा वेळी दोन्ही सेंटर बॅक इतके लांब फाकवायची गरज नव्हती. एक मागे ठेवला असता तर पाय घसरूनही गोल झाला नसता. हा आक्षेप मी जेरार्ड घसरण्याच्या पाच मिनिटं आधीही घेऊ शकलो असतो. मी खरा आक्षेप त्यालाच म्हणतो.

फर्ग्युसनच्या बाबतीतही तेच. बरोबरीचा बेत वाईट नव्हता. पण बरोबरीचा बेत करणाऱ्या संघाला गोल खाल्ल्यावर काय करायचं याचाही बेत लागतो, आणि पार्कला घेऊन उतरलेल्या त्या अकरा जणांत तो नव्हता. हे संघाची यादी जाहीर झाली तेव्हाच दिसत होतं.

आता उलट बाजू. २६ मे १९८९, पुन्हा अॅनफिल्ड. आर्सेनलला विजेतेपदासाठी दोन गोलच्या फरकानं जिंकणं भाग होतं. त्यांचा मॅनेजर जॉर्ज ग्रॅहमनं काय केलं असेल? एक बचावपटू वाढवला. अॅडम्स आणि बोल्ड यांच्या जोडीला ओ'लिअरी. दोन गोल हवे असताना! मध्यंतराला ०-०. मग स्मिथचा गोल, आणि अगदी शेवटच्या क्षणी मायकल थॉमसचा. ०-२. गुण सारखे, गोलफरकही सारखा, जास्त गोल केले म्हणून आर्सेनल विजेता. ग्रॅहमला तेव्हापासून चाणक्य म्हणतात. थॉमसचा तो फटका लिव्हरपूलचा गोलकीपर ग्रोबेलारच्या अंगावर गेला असता तर काय म्हणाले असते, ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते मात्र तो निर्णय गोल झाला नसता तरी चांगलाच होता. मागे तिसरा माणूस असल्यामुळे डिक्सन आणि विंटरबर्न हे दोघे फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बिनघोर वर जाऊ शकत होते, आणि लवकर गोल खाल्ला तर सगळंच संपणार होतं.

सबस्टिट्यूशनबद्दल तर विचारूच नका. सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरच होतात, कारण ते डोळ्यांना दिसतं: पाटी वर जाते, एक जातो, एक येतो. २२ मे २०२२ ला सिटी शेवटच्या सामन्यात अॅस्टन व्हिलाविरुद्ध ०-२ नं मागे होती. व्हिलाचा मॅनेजर तोच स्टीव्हन जेरार्ड. आम्हा लिव्हरपूलवाल्यांना वाटलं, हिशोब चुकता होतोय. प्रीमियर लीगमध्ये तेव्हा तीनच बदल करता येत, पाचाचा नियम पुढच्या हंगामापासून आला. सिटीचा मॅनेजर पेप ग्वार्डिओलानं मध्यंतराला झिंचेंको आणला, मग स्टर्लिंग, मग गुंडोगन. स्टर्लिंगच्या क्रॉसवर गुंडोगनचा गोल, झिंचेंकोच्या पासवर रोद्रीचा, मग पुन्हा गुंडोगन. ७६ ते ८१, सहा मिनिटांत ३-२. तिन्ही बदल वसूल. सिटी ९३, लिव्हरपूल ९२. पेप जादूगार ठरला. पण चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता तर त्याच संध्याकाळी लोकांनी विचारलं असतं की असल्या सामन्यात गुंडोगन ६८ व्या मिनिटापर्यंत बेंचवर काय करत होता? आणि खरं सांगू, हा प्रश्न ३-२ झाल्यावरही विचारायला हवा होता. कुणी विचारला नाही.

२०१९ च्या हंगामात आमच्याच बाजूला हे नाटक झालं. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत लिव्हरपूलनं लेस्टर, वेस्ट हॅम, युनायटेड आणि एव्हर्टन या चौघांशी बरोबरी केली. एव्हर्टनविरुद्ध ०-० झाल्यावर कुणीतरी आमचा मॅनेजर क्लॉपला विचारलं की जास्त धोका का पत्करला नाही? तो भडकलाच. हे काही प्लेस्टेशन नाही, जादा फॉरवर्ड आणला की खेळ बदलत नसतो, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. मे महिन्यात सिटी ९८, लिव्हरपूल ९७, आणि अख्ख्या हंगामात लिव्हरपूलची हार एकच, तीही जानेवारीत सिटीकडूनच, ज्या सामन्यात स्टोन्सनं गोलरेषेवरून चेंडू काढला तेव्हा चेंडू पूर्ण आत जायला ११.७ मिलिमीटर बाकी होते. एका गुणानं गेलं म्हटल्यावर त्या चार बरोबरींतला कुठलाही बदल किंवा न केलेला बदल 'तोच तो' म्हणून दाखवता येतो. माझा एक मित्र वेस्ट हॅमवर अडून बसलाय, दुसरा एव्हर्टनवर. दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच ते भांडण कधी मिटणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलेल्या गुणांची आठवण मात्र कुणाला नसते, जणू ते गुण हलके होते.

याच कारणानं मला वाटतं की भांडायला योग्य असे निर्णय सामन्याच्या दिवसाआधीच घेतलेले असतात. १९९६ च्या जानेवारीत न्यूकॅसल १२ गुणांनी पुढे होती. मॅनेजर केव्हिन कीगननं फेब्रुवारीत अस्प्रिया हा फॉरवर्ड आणला, संघाची घडी बदलली आणि विजेतेपद युनायटेडला गेलं. अजून लोक अस्प्रियालाच धरतात. मला ते पटत नाही. तो संघ हंगामभर हल्ला करूनच खेळत आला होता. लिव्हरपूलकडून ४-३ हरणं हा त्याच खेळाचा भाग. आघाडी बारा गुणांची असताना बचाव घट्ट करायला वेळ होता, तो केला नाही, यावर भांडा. २०२३ मध्ये मार्चात बचावपटू सलिबाला दुखापत झाली आणि आर्सेनलची घसरण सुरू झाली. त्याच्या जागी होल्डिंग, आणि जानेवारीत विकत घेतलेला किव्हिओर बेंचवर. लिव्हरपूलविरुद्ध २-० वरून २-२, वेस्ट हॅमविरुद्ध २-० वरून २-२, मग घरच्या मैदानावर साउथॅम्प्टनशी ३-३. होल्डिंगला शिव्या देणं सोपं आहे. पण पहिल्या २-२ नंतर किव्हिओरला का खेळवून पाहिलं नाही, हा प्रश्न आर्सेनलचा मॅनेजर आर्तेताला विचारायला कोचिंगचं लायसन्स लागत नाही.

आणि काही वेळा मॅनेजरचा काही संबंधच नसतो. १४ मे २०२४, टॉटनहॅम म्हणजे स्पर्सविरुद्ध सिटी १-० नं पुढे. गोलकीपर एडरसनच्या डोक्याला मार लागला, त्याला बाहेर काढलं, तो बेंचवर बसून चरफडत होता. त्याच्या जागी आलेल्या ओर्टेगानं शेवटच्या पाच-सात मिनिटांत एकट्या आलेल्या स्पर्सच्या सोनचा फटका पायानं अडवला. तो गोल झाला असता तर विजेतेपदाची दोरी आर्सेनलच्या हातात गेली असती. सिटी ९१, आर्सेनल ८९. यात पेपचं कौतुक करणारे लोक मला भेटलेत!

माझा आर्सेनलवाला मित्र त्याच हंगामातल्या ३१ मार्चच्या सामन्यावर अजून चिडतो. आर्सेनल सिटीच्या मैदानावर ०-० खेळून आली. त्या रात्री हाच मला सांगत होता की आर्तेताचा संघ आता मोठा झाला, मागच्या वर्षी इथेच ४-१ हरलो होतो. मे महिन्यात दोन गुण कमी पडल्यावर तोच म्हणाला, भित्रा आहे, जिंकायला जायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, अरे, सामना तोच, स्कोअर तोच, तुझं मत कसं बदललं? तो म्हणाला, तेव्हा मला शेवट माहीत नव्हता. मी म्हटलं, आर्तेतालाही नव्हता. त्या दिवशी ०-० बरोबरच होतं, दोन आठवड्यांनी व्हिलानं घरी येऊन ०-२ हरवलं तिथे काय झालं ते बोल. त्यावर तो बोलायला तयार नाही, कारण त्या सामन्यात बोट दाखवायला एकही ठळक निर्णय सापडत नाही.