थर्मल पावती प्रिंटरवर दुसरा रंग: काळ्याच्या जोडीला लाल

काळं-पांढरं चित्र छापून झाल्यानंतरचा हा टप्पा: ८० मिमीच्या प्रिंटरवर लाल. इथे शाई नाहीच, रंग येतो तो कागदातून. दोन-रंगी थर्मल कागद कमी उष्णतेला लाल आणि जास्त उष्णतेला काळा पडतो. त्यामुळे असा कागद हवा, दोन-रंगी छपाई येणारा प्रिंटर हवा आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकारही बदललेला हवा. हे शेवटचं हमखास विसरतं आणि मग माणूस निष्कारण कोड तपासत बसतो.

आता कमांड. सगळे बाइट दशमानात दिले आहेत. चित्र छापण्याच्या जुन्या २९ ११८ ४८ या कमांडमध्ये रंगाचा बाइटच नाही, म्हणून ईएससी/पॉसमधली (पावती प्रिंटरची कमांड-भाषा) २९ ४० ७६ घ्यायची. प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळ्या चित्रात, म्हणजे थरात, पाठवायचे. ५७६ × २०० ठिपक्यांच्या पट्टीसाठी क्रम असा (२७ ६४ ने प्रिंटर मूळ स्थितीत येतो):

२७ ६४
२९ ४० ७६ ७४ ५६ ४८ ११२ ४८ १ १ ४९ ६४ २ २०० ० आणि लगेच काळ्या थराचे १४,४०० बाइट
२९ ४० ७६ ७४ ५६ ४८ ११२ ४८ १ १ ५० ६४ २ २०० ० आणि लगेच लाल थराचे १४,४०० बाइट
२९ ४० ७६ २ ० ४८ ५०

४९ म्हणजे पहिला रंग, ५० म्हणजे दुसरा. शेवटची ओळ, म्हणजे छापण्याचा हुकूम, येईपर्यंत दोन्ही थर बफरमध्येच (प्रिंटरच्या तात्पुरत्या स्मृतीत) थांबतात, म्हणून ते एकमेकांवर नेमके बसतात. ७४ ५६ ही लांबी: एका ओळीचे ७२ बाइट गुणिले २००, अधिक पॅरामीटरचे १०, म्हणजे १४,४१० (७४ + ५६ × २५६). ते १० धरायचे राहिले की चित्राचे शेवटचे १० बाइट मजकूर किंवा कमांड समजले जातात आणि कागदावर कचरा उमटतो. आणखी एक फसवी जागा: जुन्या कमांडमध्ये रुंदी बाइटमध्ये असते, इथे ठिपक्यांत. ७२ ऐवजी ५७६, म्हणजेच ६४ २.

लांबीचे बाइट दोनच, त्यामुळे या रुंदीला एका खेपेत ९१० ओळींपलीकडे जाता येत नाही. त्यापुढे चार बाइटांची लांबी घेणारी २९ ५६ ७६ आहे. पण बफर लहान असतो, पट्ट्या पाडणंच बरं.

थर वेगळे करताना आधी काळा ठरवायचा, मग उरलेल्यातून लाल. तांबडं मूल्य हिरव्या-निळ्यातल्या मोठ्यापेक्षा ६० ने जास्त असेल तर लाल, ही सुरुवातीला पुरेशी अट. एकच ठिपका दोन्ही थरांत ठेवू नये. पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीमध्ये एक-बिट चित्रात पांढरा म्हणजे १, प्रिंटरला १ म्हणजे छापायचा ठिपका; तेव्हा उलटं करावंच लागतं. ते बाइट बनवण्याआधी करा. नंतर केलं आणि रुंदी ८ च्या पटीत नसली, तर बाइट पूर्ण करायला घातलेले भरतीचे बिटही १ होतात आणि उजव्या कडेला रेघ येऊ शकते.

काळ्या भागाच्या कडेला उष्णता कमी पडते, तिथे लालसर झालर दिसते. उलट काळ्याला चिकटलेला लाल उरलेल्या उष्णतेने मळकट होतो. मध्ये दोन ठिपके मोकळे सोडले की बराच फरक पडतो. छटांसाठी डिदरिंग (ठिपक्यांच्या दाटीने छटेचा भास देणं) विखुरलेल्या ठिपक्यांचं न घेता गुच्छ पाडणारं घ्या. एकटा लाल ठिपका फिका पडतो.

डेटा कच्चाच जायला हवा. मध्ये कुणी ओळ-बदल समजून १० चा १३ १० केला की तिथून पुढे सगळं सरकतं.

आणि गल्ल्याचा ड्रॉवर जोडलेला असेल तर सावध. चित्रातच १६ २० १ असा क्रम आला, तर प्रिंटर तो तातडीचा हुकूम मानू शकतो आणि चित्र छापता छापता ड्रॉवर उघडतो. २७ ६४ नंतर लगेच २९ ४० ६८ ३ ० २० १ ० पाठवलं की हा हुकूम बंद राहतो.