पाऊस नको म्हणणारं गाव

पितृपक्ष लागला की आपल्याकडे आंबा हा विषय मिटलेला असतो. फार तर फ्रीजरमध्ये रसाचा एखादा डबा उरतो आणि तो कधी काढायचा यावर घरात मतभेद असतात. दक्षिण स्पेनमधल्या नेर्खा गावात मात्र आंब्याचा हंगाम नेमका तेव्हा रंगात येतो. आणि हा आंबा बाहेरून आणलेला नाही, गावाच्या आसपासच्या उतारांवर पिकलेला. जात ऑस्टीन, मूळची फ्लोरिडाची. साल जांभळट, आकार लांबुडका, दोरा फारसा नाही. चवीबद्दल हापूसवर वाढलेल्या माणसाने न बोललेलं बरं. गोड आहे, एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

युरोपात, तेही अहमदाबाद, दिल्ली सगळं मागे टाकून थेट श्रीनगरच्याही उत्तरेला असलेल्या अक्षांशावर, आंबा कसा काय पिकतो? त्याचं उत्तर गावातल्या कुठल्याही गल्लीतून उत्तरेकडे मान वळवली की दिसतं. गावामागे आल्मिखारा नावाचा डोंगर आहे. समुद्रापासून दहा-बारा किलोमीटरच्या आत तो 1,800 मीटरच्या वर चढतो. थंडीत स्पेनच्या पठारावरून येणारं गारठलेलं वारं हा डोंगर अडवतो. समोर समुद्र, तो हिवाळ्यातही पुरता थंड होत नाही. त्यामुळे जानेवारीतसुद्धा दुपारचं तापमान सोळा-सतरा अंशांवर असतं आणि दंव म्हणून गोठत नाही. दंव गोठत नाही म्हटल्यावर आंबा, अ‍ॅव्होकॅडो आणि चिरिमोया तिथे मुक्कामाला आले. चिरिमोया म्हणजे आपल्या सीताफळाचं चुलत भावंड. त्याच्या फुलांत परागकण पोचवणारे किडे या भागात पुरेसे नाहीत, म्हणून शेतकरी बारीक कुंचला घेऊन फुलाफुलाला हाताने पराग लावत फिरतात. एका फळापायी एवढी मनधरणी करणारी माणसं मला फार आवडतात.

मला या डोंगराचं नवल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. कोकणातही हीच मांडणी आहे: पुढे समुद्र, मागे सह्याद्री, मधे चिंचोळी पट्टी. पण सह्याद्रीचं काम पाऊस पाडण्याचं. समुद्रावरून आलेले ढग त्याला अडतात, वर चढतात आणि कोकणावर रिकामे होतात. आल्मिखाराची नेमणूक दुसऱ्या खात्यात आहे. तो थंडी अडवतो. पावसाच्या बाबतीत त्याचा हात आखडता. नेर्ख्यात वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या सोलापूरच्या आसपास. तोही हिवाळ्यात. उन्हाळ्यात अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून या किनाऱ्यावर ठाण मांडतो, आणि जून ते ऑगस्ट आभाळात ढग शोधावा लागतो. जुलैमध्ये छत्री घेऊन बाहेर पडायची सवय लागलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. डोंगर हिरवे होतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, आणि जुलैत वाळून पिवळे पडतात.

या न पडणाऱ्या पावसावरच गावाचं पोट चालतं. वीसेक हजारांची वस्ती, ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही. थंडीत इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्ककडची निवृत्त मंडळी येऊन राहतात. ती सकाळी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कॉफी पीत असतात आणि त्याच वेळी बाजूचा गाववाला कानटोपी घालून कुडकुडत असतो. दोघांच्या मते हवा आपापल्या जागी बरोबर आहे.

फळवाल्याकडे आंबे निवडता निवडता मी बोलायला काहीतरी हवं म्हणून, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, “काय छान हवा आहे तुमच्याकडे” असं म्हणालो. त्याने वजनकाट्यावरून मान वर केली, निळ्याशार आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “हो, फारच छान. गेली कित्येक वर्षं छानच आहे.” त्याच्या आवाजातला खवचटपणा कळायला स्पॅनिश यावं लागत नव्हतं.

त्याला कारण होतं. नेर्ख्याच्या पश्चिमेला, याच आक्सारकिया भागात, व्हिन्युएला नावाचं मोठं धरण आहे. क्षमता आपल्या भाषेत जवळपास 6 टीएमसी. आंबा-अ‍ॅव्होकॅडोच्या बागांचा जीव बराचसा त्याच्यावर अवलंबून. लागोपाठच्या कोरड्या वर्षांनी 2024च्या सुरुवातीला त्यात जेमतेम सात-आठ टक्के पाणी उरलं होतं. बागायतदारांनी झाडं छाटून खोडावर आणली, काहींनी उपटून टाकली. पुढे 2025च्या मार्चमध्ये लागून पाऊस झाला आणि धरण बरंच सावरलं. पण त्या पावसाच्या दिवसांत सुट्टी काढून आलेल्यांनी घरी काय कळवलं असेल, याची कल्पना करून मला हसू येतं. एकच ढग, आणि त्याच्याखाली उभी असलेली दोन माणसं दोन वेगळ्या प्रार्थना करत आहेत.

पंधरा मे रोजी सान इसिद्रो या शेतकऱ्यांच्या संताची जत्रा असते. बैलगाड्या सजवून गावातून निघतात त्या थेट डोंगराच्या पायथ्याशी, एका गुहेजवळच्या देवळापर्यंत. बैल सजवलेले पाहिले की मराठी माणसाला बेंदूर-पोळा आठवणारच, त्याला इलाज नाही.

या हवेलाही खोड्या आहेत. पहिली तेर्राल. वारं जमिनीकडून डोंगर ओलांडून समुद्राकडे उतरायला लागलं की उतरताना दाबलं जाऊन तापतं आणि कोरडं होतं. एरवी तिशीच्या आसपास रेंगाळणारा पारा तास-दोन तासांत चाळिशीकडे झेप घेतो. म्हणजे थंडीत पाठराखण करणारा डोंगर उन्हाळ्यात कधीमधी असा उलटतो. दुसरी तारो. ऊबदार दमट हवा गार पाण्यावरून आली की धुक्याची भिंत समुद्रावरून किनाऱ्यात शिरते आणि छत्र्या लावून पहुडलेले लोक एकमेकांना दिसेनासे होतात. तिसरी सहाराची धूळ. 2022च्या मार्चमध्ये आभाळ नारिंगी झालं, त्यात पाऊस आला आणि चिखलच बरसला. अंदालुसियाची पांढरीशुभ्र चुनेगच्ची घरं लाल-पिवळी झाली. चुना लावून घर पांढरं ठेवणाऱ्या बायांनी आफ्रिकेला काय काय ऐकवलं असेल!

समुद्राचं म्हणाल तर कोकणी माणूस पहिल्या दिवशी गोंधळतो. सकाळी पाणी जिथे होतं तिथेच ते संध्याकाळीही असतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती. रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी दूरवर उघडा पडणारा किनारा, त्यावर कालवं काढणाऱ्या बायका, भरतीची वेळ पाहून ठरणारी होडी, यातलं इथे काही नाही. माझी मात्र थोडी निराशा झाली. ज्याला दिवसातून दोनदा घरी यायचं-जायचं ठाऊक नाही तो कसला दर्या?

आणि पाणी गार. भूमध्य म्हटलं की कोमट निळं पाणी डोळ्यांसमोर येतं, पण नेर्ख्याच्या पुढ्यातला हा आल्बोरान समुद्र जिब्राल्टरच्या दारातच आहे. भूमध्य समुद्रातून बाष्प होऊन जितकं पाणी उडतं, तितकं पाऊस आणि नद्या मिळून भरून देत नाहीत. ही तूट अटलांटिक पुरी करतो. त्याचं गार पाणी सामुद्रधुनीतून वरच्या थराने आत येतं, आणि भूमध्याचं जड खारट पाणी तळातून बाहेर जातं. त्यात पश्चिमेचं वारं सुटलं तर किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. पूर्वेचं वारं आलं की उलट, पाणी ऊबदार पण लाटा खवळलेल्या. म्हणून तिथले जाणते पोहणारे ऊन किती आहे हे न बघता वारं कुठून येतंय ते आधी विचारतात.

गावात सगळे फोटो काढतात ते ‘युरोपचा सज्जा’ या ठिकाणी. समुद्रात घुसलेल्या कातळावर कठडा, जुन्या तोफा, ताडाची झाडं आणि कठड्याला टेकून उभा असलेला राजा बारावा आल्फोन्सो, कांस्याचा. 1884च्या नाताळच्या रात्री या भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर तो पाहणीला आला होता. नाव त्यानेच दिलं अशी कथा सांगतात. जागा देखणी, पण खांद्याला खांदा लावून निसर्ग बघायची माझी तयारी नव्हती. त्यापेक्षा पूर्वेला मारो गावापुढचे कडे पाहावेत. तिथे डोंगर सरळ समुद्रात पाय सोडून बसतो, खालच्या खाचांत छोट्या छोट्या पुळणी आहेत, आणि एका ठिकाणी कड्यावरून धबधबा थेट समुद्रात कोसळतो. त्याच्याखाली वल्हवत जाता येतं. 1989पासून हा पट्टा संरक्षित असल्याने हॉटेलांची रांग तिथे पोचलेली नाही.

मारोतच नेर्ख्याची ती प्रसिद्ध गुहा. 1959च्या जानेवारीत गावातली पाच पोरं वटवाघळं धरायला एका विवरात शिरली आणि आत सांगाडे बघून बाहेर पळाली. त्यातल्या एका दालनातला लवणस्तंभ 32 मीटर उंच आहे. संगमरवरात झिरपलेल्या पाण्याने हे सगळं एकेक थेंब करत उभारलं. ज्या मुलखात पाण्याची इतकी चणचण, तिथे पाण्याचं सगळ्यात मोठं बांधकाम अंधारात झाकून ठेवलेलं असावं, हे मला पटतं.

पण मला नेर्ख्यात सगळ्यात घरच्यासारखी वाटली ती गोष्ट गुहाही नाही आणि कडाही नाही. मारोच्या रस्त्यावर एक चार मजली पूल लागतो, कमानींवर कमानी, एकूण 37. त्यावरून माणसं जात नाहीत, पाणी जातं. एकोणिसाव्या शतकात तो बांधला उसासाठी. मारोच्या साखर कारखान्याला पाणी हवं होतं. ऊस या किनाऱ्यावर अरबांनी आणला आणि पुढे कित्येक शतकं इथल्या शेतीचा तोच राजा होता. सोलापूरएवढा पाऊस, आणि पीक ऊस! हे वाचून कुठल्या मराठी माणसाला परकं वाटेल? कारखाने एकेक करत मिटले, किनाऱ्यावरचा शेवटचा 2006मध्ये सालोब्रेन्याला बंद झाला. उसाची जागा आंबा-अ‍ॅव्होकॅडोने घेतली. पाण्याची तहान तेवढी वारशाने पुढे आली.

उसाचं एक गुऱ्हाळ मात्र तगून आहे. नेर्ख्यावरच्या डोंगरात फ्रिखिलियाना नावाचं पांढरं गाव आहे, तिथल्या जुन्या वाड्यात अजूनही काकवी होते. दाट, काळसर, किंचित कडवट गोडीची. किनाऱ्यावरच्या खानावळींत वांग्याची कापं तळून वर ही काकवी ओततात. वांगं आणि काकवी एका ताटात, हे ऐकून नाक मुरडू नये. कापं कुरकुरीत हवीत आणि काकवी ओतल्या ओतल्या खायला हवीत, एवढंच पथ्य.

जायचं तर ऑक्टोबरात जावं असं माझं मत. उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून पोहण्याजोगा असतो, ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते, आंबा बाजारात असतो आणि चिरिमोयाही दिसू लागलेला असतो. एखाद्या दिवशी पाऊस येईल. आला तर खानावळीत शिरून कापं मागवावीत. बाजूच्या टेबलावर उत्तरेकडचे पाहुणे तोंड पाडून मोबाइलवर उद्याचा अंदाज पाहत बसलेले असतील. वाढप्याला मात्र काकवी जरा जास्त घाल म्हणून सांगावं. त्याच्या घरी बाग असेल तर त्या दिवशी तो नाही म्हणायचा नाही.